मोबाईलवरच्या दवंडीला धनी कोण?

पूर्वी गावात चोरी झाली, कुणाचे ढोर हरवले किंवा रात्री पुंजण्याला आग लागली, की दुसऱ्या दिवशी कोतवाल दवंडी देत फिरायचा. दवंडी कोण देतो आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून देतो आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असायचे. दवंडीत चुकीचे काही सांगितले गेले तर चावडीवर जाऊन पोलीस पाटलाला जाब विचारता यायचा. थोडक्यात, दवंडीला धनी होता. आता कोतवालाची ती दवंडी जवळजवळ बंद झाली आणि तिची जागा व्हॉट्सॲपच्या गटाने घेतली. पहाटे पाच वाजता 'सावधान, आपल्या भागात टोळी फिरत आहे' असा मजकूर येतो. चहा होईपर्यंत तो दवनीवाड्याहून गोंदियाला, तिरोड्याला आणि नदीपलीकडे बालाघाटकडे पोचलेला असतो. पण हे पहिल्यांदा लिहिले कोणी, असे विचारले तर उत्तर येते, 'मला काय माहीत बापा, मला तर आलं अन् मी पुढे पाठवलं.'

गुन्ह्यांचा छडा लावण्यात या समाजमाध्यमांचा उपयोग होतो की नाही, यावर पानठेल्यापासून पंचायत समितीच्या व्हरांड्यापर्यंत वाद झडतात. मी पोलीस खात्याचा माणूस नव्हे. माझे काम धानाचे, खताचे आणि बियाण्याचे. पण रोज चार गावांच्या बांधीत फिरणाऱ्या माणसाला या फोनचे दोन्ही उपयोग दिसतात. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. फोनवरची माहिती पोलिसांकडे गेली तर गुन्हा उघडकीला यायला मदत होते. तीच माहिती निकाल बनून गावात फिरली तर नवा गुन्हा घडतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो. हे सांगायला मजजवळ उदाहरणे आहेत, ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहेत.

फोनने घर परत मिळाले

आधी चांगले सांगू. मुंबईच्या अंधेरी भागातून २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. तेथील डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ सापडल्या, राहिली ती ही एक. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, तरी त्या मुलीचा फोटो जवळ बाळगून शोध घेतच राहिले. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये, साडेनऊ वर्षांनी, ती मुलगी सापडली. कुठे? मूळ घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

सापडली कशी, ते महत्त्वाचे आहे. ती मुलगी ज्या घरी कामाला जायची, तिथे काम करणाऱ्या एका बाईला तिची हकीकत कळली. त्या बाईने मुलीचे नाव टाकून इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा २०१३ सालचा 'हरवली आहे' असा जुना फलक समोर आला. फलकावरचे बहुतेक फोन क्रमांक बंद पडले होते. एक मात्र चालू होता, तो शेजाऱ्याचा. त्या क्रमांकावर बोलणे झाले, चेहरा दाखवला गेला, आईने लेकीला ओळखले आणि पुढे पोलीस आले. या सगळ्यात त्या बाईने कुणाचा फोटो 'पकडा याला' म्हणून गटावर टाकला नाही की जमाव गोळा केला नाही. खरी माहिती योग्य माणसापर्यंत पोचवली, एवढेच केले. आणि नऊ वर्षांपूर्वी ज्याने फलकावर नाव, तारीख आणि चालू क्रमांक नीट लिहिला, त्याचेही तेवढेच उपकार मानले पाहिजेत. आपल्या गटांवर येणाऱ्या हरवल्याच्या मजकुरात ना तारीख असते, ना ठाण्याचे नाव. लेकरू सापडून चार वर्षे झाली तरी त्याचा फोटो फिरतच राहतो.

राईनपाड्याचे पाच जीव

आता दुसरी बाजू. २०१८ च्या मे-जून महिन्यांत देशभर 'पोरं पळवणारी टोळी आली आहे' अशा चित्रफिती फिरू लागल्या. त्यातली एक फार गाजली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे पोर उचलून नेतात, असे तिच्यात दिसत होते. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातल्या कराचीत तयार झालेली. मुलांची काळजी घ्या, हे पालकांना सांगण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. शेवटी पोर परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून सोडून दिला. लाखो लोकांनी पुढे ढकलला.

अशातच १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. बाजारात कुणाला तरी वाटले की यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलतो आहे. झाले! मनात अफवा आधीच भरलेली होती, ठिणगी तेवढी पडायची होती. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे त्या पाचही जणांचा जीव घेतला. ज्या कार्यालयात आपण दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी जातो, तसल्याच एका कार्यालयात. नंतर चौकशीत काय निघाले? पोरे पळवणारी टोळी नव्हतीच.

त्याच दिवशी रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्याजवळ स्वतःचे लहान लेकरू होते. तिथे पोलीस वेळेवर पोचले आणि ते वाचले. एका गावात पाच मेले आणि दुसरीकडे पाच वाचले, यात फरक काय तो खाकी वर्दी मध्ये येऊन उभी राहिली एवढाच.

पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने ठार केले. ते एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. त्या भागातही चोर आणि पोरे पळवणारे फिरतात अशी अफवा आधी काही दिवस पसरलेली होती. तिथे पोलीस हजर होते, तरी जमाव आवरला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना असाच मार बसला. पंढरपूरला निघालेल्या त्या साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, एवढेच निमित्त झाले. ते वाचले, हे त्यांचे नशीब.

काही जण म्हणतील, यात फोनचा काय दोष? संशयावरून माणसे मारणे आधीही होतेच. बरोबर आहे. मे २०१२ मध्ये आपल्या नागपुरातल्या कळमना भागात भिक्षेसाठी आलेल्या नाथजोगी समाजाच्या तिघांना लुटारू समजून जमावाने मारले, तेव्हा व्हॉट्सॲप आजच्यासारखे घराघरात नव्हते. रोग जुनाच आहे. पण जुना रोग एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जायला आठ दिवस घ्यायचा, आता रातोरात सारे शिवार धरतो. अफवा गावापर्यंत पोचायच्या आधी एखादा शहाणा माणूस तिला आडवा जायचा, तेवढी सवडच आता उरलेली नाही.

आणि असे फक्त आपल्याकडच्या खेड्यांतच होते असेही समजू नका. अमेरिकेत बोस्टन शहरी एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. शिकलीसवरलेली हजारो माणसे संगणकापुढे बसून फोटो जुळवू लागली आणि त्यांनी भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवून टाकले. खरे आरोपी दुसरेच निघाले. तो बिचारा स्फोटाच्या महिनाभर आधीपासून घरून बेपत्ता होता, पुढे नदीत त्याचा मृतदेह सापडला. मुलाच्या शोधात असलेल्या त्या आईबापांना तेवढ्या दिवसांत लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. तेव्हा अडाणीपणाचा शिक्का एकट्या राईनपाड्यावर मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पानाचा फोटो आणि माणसाचा फोटो

माझ्या कामातले उदाहरण देतो, म्हणजे कास्तकार बंधूंना चटकन पटेल. रोवणीनंतर महिनाभराने धान पिवळे पडते. शेतकरी पानाचा फोटो काढून गटावर टाकतो. दहा मिनिटांत वीस उत्तरे. कुणी म्हणतो करपा, कुणी म्हणतो तुडतुडा, कुणी म्हणतो युरिया मारून द्या. आता पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, जस्ताच्या कमतरतेने येतो, पाणी साचून राहिल्यानेही येतो आणि कडाकरपा असला तरी पान काठाकडून पिवळे होते. फोटोत हे सगळे सारखेच दिसते. कडाकरपा असताना कुणाचे ऐकून युरिया टाकला तर रोग उलट भडकतो. म्हणून आम्ही म्हणतो, फोटो पाठवा, जरूर पाठवा, पण औषधाचा निर्णय बांधीत उतरून, झाडाचा बुंधा आणि मुळे पाहूनच घ्यायचा.

अनोळखी माणसाच्या फोटोचेही तसेच आहे. फोटोत काय दिसते? एक माणूस, खांद्यावर झोळी, जवळ एक पोर. तो भिक्षेकरी असेल, पोराचा मामा असेल, बाजाराला आलेला असेल. चोर असेलही, पण फोटो ते सांगू शकत नाही. पिकाचा निदान चुकला तर एक हंगाम जातो, माणसाचा निदान चुकला तर तो परत येत नाही.

आपल्या भागाला तर हे दुप्पट लागू आहे. आपण सीमेवर राहतो. नदी ओलांडली की मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. धान कापणीच्या दिवसांत परप्रांतातले हार्वेस्टरवाले येतात. घोंगडी-चादरी विकणारे, शेगड्या दुरुस्त करणारे, बकऱ्या घ्यायला येणारे, बहुरूपी, गोसावी हे सगळे येतात. कुणी हिंदी बोलतो, कुणी छत्तीसगडी, कुणी गोंडी. आपल्याच गावात पोवारी, झाडीबोली आणि हिंदी एकत्र नांदते. परकी भाषा ऐकली म्हणून संशय घ्यायचा ठरवला तर आपल्या बाजारात उभा राहायला कुणी शिल्लक राहणार नाही. शिवाय आपली पोरे मजुरीसाठी नागपूर, हैदराबादकडे जातात. तिकडच्या एखाद्या गावात ती रस्ता विचारत उभी असतील, तेव्हा तिकडच्या लोकांनी त्यांच्याशी कसे वागावे असे आपल्याला वाटते?

गटावरची चर्चा तपास कसा बिघडवते

बरे, मारहाण झालीच नाही असे समजू. तरीही गटावरच्या उथळ चर्चेने खरा चोर सुटतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा, नोव्हेंबरात कुणाचे धानाचे पुंजणे जळाले. वर्षाची कमाई राख झाली, मन पेटणारच. सकाळीच गटावर कुणीतरी लिहितो, 'हे काम कुणाचं ते सगळ्यायले माहीत आहे.' ज्याच्याशी धुऱ्याचा वाद आहे त्याच्याकडे बोटे वळतात. सगळे गाव जागेवर पाहायला जाते. पायांचे ठसे, टाकलेली काडीपेटी, रॉकेलची बाटली, सगळे तुडवले जाते. ज्याने खरोखर आग लावली त्याला गटावरच कळते की संशय दुसऱ्यावर आहे, तो निर्धास्त होतो. ज्याने रात्री कुणाला जाताना पाहिले तो साक्षीदार वाद पाहून गप्प बसतो. आणि दोन घरांत वैर पेटते ते तीन पिढ्या विझत नाही.

ओळख परेडचे तर फारच नुकसान होते. चोराला पाहणाऱ्या साक्षीदारापुढे संशयिताला इतर माणसांत उभे करून ओळखायला सांगतात, त्याला ओळख परेड म्हणतात. पण तोच चेहरा आठ दिवस गटावर फिरून साक्षीदाराच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर आरोपीचा वकील न्यायालयात विचारणारच, की तुम्ही याला चोरीच्या रात्री पाहिले की फोनवर पाहिले? मग ती ओळख लंगडी पडते. आपण उत्साहाने केलेली मदत आरोपीच्या कामी येते.

चित्रफितीचेही तेच. गटावरून फिरलेली फीत दाबली जाऊन लहान होते, तिची मूळ तारीख-वेळ जाते, कापाकापी झाली की नाही ते सांगता येत नाही. न्यायालयात यंत्रावरचा पुरावा द्यायचा तर त्यासोबत ठराविक प्रमाणपत्र लागते. आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे स्पष्ट केले. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे प्रमाणपत्र सुटत नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ते आहे. म्हणून ज्याच्या फोनवर मूळ चित्रीकरण झाले त्याने ते पुसू नये, फोन बदलू नये, आणि थेट ठाणेदाराला दाखवावे. राईनपाड्यात आणि गडचिंचल्यात जमावातल्याच लोकांनी काढलेल्या चित्रफितींनी आरोपींची ओळख पटवायला मदत केली, हेही इथे सांगितले पाहिजे. मारणाऱ्यांनी हौसेने काढलेले चित्रण त्यांच्याच अंगाशी आले.

कायदा काय म्हणतो

राईनपाड्यानंतर दोनच दिवसांनी केंद्र सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला जाब विचारला. त्याच महिन्यात भारतात एक मजकूर एका वेळी पाचापेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबाबत राज्यांना आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी या कामी नेमावा आणि खटले जलदगतीने चालवावेत, हे त्यात होते. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवसापासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली. जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद तिच्या कलम १०३ मध्ये आहे. 'मी फक्त उभा होतो' हे म्हणणे अशा वेळी फार कामी येत नाही.

गटाच्या ॲडमिनबद्दल आपल्याच जिल्ह्यातले प्रकरण आहे. अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये गटातल्या एका सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरावरून ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. सदस्याने काय लिहावे यावर ॲडमिनचा आधी ताबा नसतो, त्यामुळे दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल योग्यच आहे. पण कायद्याने सुटका झाली म्हणजे गावाच्या दृष्टीने काम संपले असे नाही. ज्याने गट काढला त्याला माणूस काढून टाकता येतो, अफवा खोडता येते. तेवढे तरी त्याने केलेच पाहिजे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अत्याचार झालेल्या मुलीचे नाव, फोटो, घर गटावर टाकणे हा गुन्हा आहे. 'न्याय मिळाला पाहिजे' असे लिहून तिचाच फोटो फिरवणारे लोक तिला दुसऱ्यांदा दुखावतात.

'पोलीस येतच नाहीत' याचे काय?

गावकऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. ठाण्यात माणसे कमी, हद्दीत गावे जास्त, रात्री मोटारपंप चोरीला गेला तर सकाळपर्यंत कोण येतो? तक्रार घ्यायला टाळाटाळ होते आणि चित्रफीत व्हायरल झाली की मग सगळी यंत्रणा हलते. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. गडचिंचल्याचा प्रकार देशभर गाजला तो चित्रफीत बाहेर आल्यावरच. लोकांनी आवाज उठवला नाही तर कितीतरी गोष्टी दबून राहतात. पण आवाज कशासाठी उठवायचा, ते ठरवले पाहिजे. 'तक्रार दिली, अमुक तारखेला दिली, अजून कारवाई नाही' हे गटावर लिहा, वर्तमानपत्राकडे पाठवा, लोकप्रतिनिधीला विचारा. त्याने पोलिसांवर दबाव येतो आणि कुणाचे हाडही मोडत नाही. 'अमुक माणूस चोर आहे' हे लिहिल्याने मात्र पोलिसांचे काम होत नाही आणि आपण अडकतो.

तक्रारीचे मार्गही आता वाढले आहेत. ११२ हा एकच क्रमांक पोलिसांसाठी चालतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना याचा मोठा उपयोग आहे, कारण इकडून गेलेली गाडी तिकडच्या राज्यात सापडते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फोन चोरीला गेला तर ठाण्यात तक्रार करून केंद्र सरकारच्या संचार साथी व्यवस्थेत त्याची नोंद करावी, म्हणजे तो बंद करता येतो. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक आजच वहीत लिहून ठेवावा. *#०६# दाबले की तो दिसतो. लहान मुलासंबंधी काही असेल तर १०९८ आहेच.

आणि ज्या फसवणुकीत आपले कास्तकार सर्वांत जास्त सापडतात ती तर या फोनवरूनच होते. 'पीएम किसान'च्या नावाने एपीके फाईल येते, बहुधा ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती उघडली की ओटीपी आणि बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती लागतात. योजनेचे पैसे फाईल उघडून मिळत नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवा. चुकून उघडलीच आणि पैसे गेले, तर आधी १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच थांबण्याची शक्यता जास्त. लाजेने दोन दिवस गप्प बसलात तर पैसे गेले समजा. बोगस बियाण्याचेही तसेच. नुसत्या पिशवीचा फोटो गटावर टाकून कंपनीला शिव्या घालू नका. पावती, पिशवी, त्यावरचे लेबल आणि लॉट क्रमांक सांभाळून कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. कृषी विभागाने २०२३ मध्ये अशा तक्रारींसाठी खास व्हॉट्सॲप क्रमांकही जाहीर केला होता. लॉट क्रमांकाशिवाय आम्हाला पुढे हलताच येत नाही.

गावाने काय करावे

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने सुरक्षेसाठी वेगळा गट करावा. त्यात पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष, बीटचे अंमलदार, शाळेचे एक गुरुजी, आशाताई आणि बचत गटाच्या दोन बाया असाव्यात. या गटावर शुभ सकाळ नको, राजकारण नको. ज्याला काही कळले त्याने स्वतःच्या नावानिशी लिहावे. काय पाहिले, कुठे पाहिले, किती वाजता पाहिले, एवढेच लिहावे. 'ऐकले आहे', 'म्हणतात' असे असेल तर तसे लिहावे. पोलीस पाटलाने ठाण्याशी बोलून खरेखोटे करावे आणि तेच उत्तर बाकीच्या गटांवर जावे. अफवा खोटी ठरली तर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तसे सांगावे, कारण घरी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत गट पोचत नाही पण भीती पोचते.

गावात अनोळखी माणूस आला तर त्याला घेरण्याऐवजी पाणी विचारा. नाव, गाव, कामकाज विचारा. संशय वाटलाच तर ११२ लावा, त्याला सावलीत बसवा आणि पोलीस येईपर्यंत गावातले दोन वडीलधारे त्याच्याजवळ बसू द्या. गर्दी जमू लागली की पोराबाळांना घरी पाठवा. चोर असेल तर तो पळून जाणार नाही, आणि निर्दोष असेल तर त्याचा जीव वाचेल. या कामाला मोठी हिंमत लागत नाही, वेळेवर 'थांबा' म्हणणारी चार माणसे लागतात. राईनपाड्याच्या त्या बाजारात अशी चार माणसे पुढे आली असती, तर मंगळवेढ्याकडची ती घरे आज उभी असती.

फोन आता परत जाणार नाही, जायलाही नको. पुढच्या वेळी 'टोळी आली' असा मजकूर आला, तर पुढे ढकलण्यापूर्वी पाठवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा की हे तू स्वतः पाहिलेस का. 'नाही' असे उत्तर आले तर मजकूर तिथेच थांबवा. 'हो' आले तर त्यालाच घेऊन पोलीस पाटलाकडे जा.

(लेखक दवनीवाडा परिसरात कृषी विस्तार अधिकारी म्हणून काम करतात. मते वैयक्तिक आहेत.)